दिव्याखालचा अंधार

'दिव्याखालीं अंधार' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. दुसऱ्यांस उजेड देणाऱ्याच्या स्वतःच्या पायांशीं काळोख असूं शकतो, हा तिचा अर्थ आम्हांस आमच्याच घरांत उमगला. तो विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, असें वाटतें.

आमच्या थोरल्या भगिनी मुंबईच्या उपनगरांतील एका रुग्णालयांत परिचारिका आहेत. सन २०२० मध्यें करोनाची सांथ आली, तेव्हां मरोळचें सेव्हन हिल्स रुग्णालय त्या रोग्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. गोरेगांव, दहिसर व मुलुंड येथें तात्पुरतीं उपचारकेंद्रें उभीं राहिलीं. २२ मार्च रोजीं सायंकाळीं पांच वाजतां लोकांनीं टाळ्या व थाळ्या वाजवून रुग्णसेवकांचा गौरव केला. १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवेंतील मंडळींसाठीं लोकलगाडी सुरू झाली, तेव्हां ताई बोरिवलीहून तिनेंच कामावर जात.

सांथ ओसरली, ताईंची झोंप मात्र परत आली नाहीं. आप्तांचें शेवटचें दर्शनही न होतां गेलेल्या रोग्यांचे चेहरे त्यांस रात्रीं आठवत. क्षुल्लक कारणावरून त्या रागावत, आणि मग तासन्‌तास मुकाट बसत. एकदां त्या म्हणाल्या, "रोज मी दुसऱ्यांना धीर देतें, मला धीर हवा आहे, हें सांगूं कुणाला?"

वाचकांस वाटेल, रुग्णालयांतच राहणाऱ्यांस उपचारांची काय वाण? पण खरी अडचण तेथेंच आहे. मानसोपचार विभागाच्या बांकावर बसावें, तर येतांजातां ओळखीच्या आया, वॉर्डबॉय व डॉक्टर पाहणार. 'सिस्टरच आजारी पडल्या' अशी कुजबूज होईल, कामास नालायक ठरवतील, ही भीति मनांत बसते. शिवाय रात्रपाळी संपवून आलेल्या थकल्या जिवास सकाळच्या रांगेंत पुन्हां उभें राहवत नाहीं.

सुदैवानें आतां कांहीं दारें उघडलीं आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनिसेवा चालूं आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवितांच अहोरात्र, विनामूल्य व मराठींतून बोलतां येतें. देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेनेंही सन २०१२ मध्यें 'आयकॉल' नांवाची अशी समुपदेशनसेवा सुरू केली. रोग्याची माहिती गुप्त राहावी, हा हक्क सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें दिला आहे. एका पहाटे पाळीवरून येऊन ताईंनीं तो क्रमांक फिरविला. पलीकडील व्यक्तीनें शांतपणें ऐकून घेतलें व डॉक्टरांस भेटण्यास सुचविलें. ताईंनीं मुद्दाम आपल्या रुग्णालयापासून दूरचें रुग्णालय निवडलें. आजही एखादी रात्र त्यांस जड जाते. परंतु ती आतां त्या एकट्यानें काढीत नाहींत.

हातीं दिवा घेऊन रोग्यांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा धडा मुलें वाचतात. सन १८५६ मध्यें क्रिमियाच्या युद्धभूमीवरून परतल्यावर त्यांची प्रकृति ढासळली, आणि पुढील अनेक वर्षें त्यांस बहुतेक घरांतच काढावीं लागलीं, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. तशा स्थितींतही त्यांनीं लेखणीनें रुग्णसेवेची सुधारणा चालूंच ठेविली. त्यांच्या दुर्बलतेनें त्यांच्या थोरवीस उणेपणा आला नाहीं; मग आमच्या परिचारिकांनीं मदत मागितल्यास त्यांत कमीपणा कसला?

विद्यार्थिमित्रहो, अंधेरी-बोरिवलीस काय किंवा घाटकोपर-मुलुंडास काय, तुमच्यापैकीं कित्येकांची आई, वडील, मावशी रुग्णालयांत राबत असतील. रात्रपाळीहून आलेल्या माणसाजवळ घटकाभर बसा, "आज कसा गेला दिवस?" असें विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्यें बोलूं नका. पालकांनीं उपदेशाची घाई करूं नये; ऐकून घ्यावें, आणि गरज दिसल्यास त्यांच्यासोबत वैद्याकडे जावें. टाळ्या आपण एका सायंकाळीं वाजविल्या. ही सेवा मात्र वर्षभर करावयाची आहे, एवढीच आमची विनंति.