ऐकू येईल इतक्या अंतरावर

कन्हानसारख्या गावात ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग महामारीपूर्वी थट्टेचा विषय ठरला असता. गावाभोवती कोळशाच्या खाणी, फेरो मिश्रधातूंचा कारखाना, काही अंतरावर खापरखेडा आणि कोराडी येथील औष्णिक वीजकेंद्रे, मधून जाणारा हावडा-मुंबई लोहमार्ग आणि येथूनच रामटेककडे फुटणारा फाटा. कोळसा घरी बसून निघत नाही आणि रेल्वेचा सिग्नल दिवाणखान्यातून पडत नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हाही खाणीतील पाळ्या चालूच होत्या. कार्यालयांच्या नव्या रचनेची चर्चा ज्यांना पर्याय होता त्यांच्यापुरती आहे, हे आधीच ध्यानात घेतलेले बरे.

बँकांच्या शाखांनाही पर्याय नव्हता. त्या एप्रिलमध्ये जनधन खातेदार महिलांना दरमहा ५०० रुपये याप्रमाणे तीन महिने मदत देण्याचे ठरले आणि गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस वाटून देण्यात आले. फरशीवर पांढरी वर्तुळे आली, काउंटरवर प्लास्टिकचे पडदे चढले. ज्या काउंटरची लोखंडी जाळी काढून ग्राहक आणि कर्मचारी यांना समोरासमोर आणण्यात बँकांनी अनेक वर्षे घालवली होती, तेथे एका आठवड्यात पुन्हा भिंत उभी राहिली. परंतु सर्वांत मोठी अडचण पडद्याआडची होती. तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे एका वेळी, एका जागी, देहाने उपस्थित असल्याशिवाय दिवसाचा पहिला रुपया बाहेर येत नाही. दोघांपैकी एकाला विलगीकरणात जावे लागले की किल्लीचा ताबा लेखी नोंद करून तिसऱ्याकडे द्यावा लागे. सहकार्याला इतके सक्तीचे रूप अन्य कोणत्या कार्यालयात क्वचितच दिले गेले असेल, आणि ते रूप प्रेमातून नव्हे, अविश्वासातून आले आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच काळात कन्हानमधल्या काही घरांत मात्र वेगळेच चित्र दिसू लागले. पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथे संगणक क्षेत्रात नोकरीस असलेली मुले-मुली घरी परतली आणि माडीवरच्या खोल्यांना कार्यालयाचे स्वरूप आले. आजीने दाराशी येऊन ‘जेवायला ये’ म्हणावे आणि आतून हाताने ‘थांब’ अशी खूण यावी, हे नित्याचे झाले. जैन घरांत याचा एक अनपेक्षित लाभ झाला. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम जी मुले परगावी नाइलाजाने सोडून बसली होती, त्यांचा तो नियम घरी विनासायास पाळला जाऊ लागला. एप्रिल २०२० मध्येच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने असे उद्दिष्ट जाहीर केले की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असण्याची गरज राहू नये. अनेक आईवडिलांनी त्या बातमीवर मुलांच्या घरी राहण्याचे मनोरे रचले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. साडेतीन वर्षांत चक्र पूर्ण फिरले.

परतणाऱ्यांना कार्यालये मात्र पूर्वीची मिळाली नाहीत. अनेक ठिकाणी स्वतःचे मेज गेले. ज्या दिवशी यायचे त्या दिवसाची जागा मोबाइलवरून नोंदवायची, सामान कपाटात ठेवायचे, संध्याकाळी मेज मोकळे करून जायचे. ओळीने मांडलेल्या मेजांऐवजी लांब सामाईक मेजे, कोपऱ्यात सोफे, भिंतीभर लिहिण्याचे फलक आणि दूरस्थ बैठकांसाठी काचेच्या लहान खोल्या आल्या. या सगळ्याला ‘सहयोगासाठी रचना’ असे नाव मिळाले. नाव खोटे नाही. पण चौरस फुटाच्या भाड्याचा हिशेब त्यामागे नाही असे कोणी म्हणू नये. शंभर माणसांसाठी साठ खुर्च्या ठेवल्या तर चाळीस खुर्च्यांची जागा, वीज आणि वातानुकूलन वाचते. बचत करणे गैर नव्हे. तिला जिव्हाळ्याचे नाव देणे मात्र खटकते. मिहानमध्ये नोकरीस जाणाऱ्या कन्हानच्या मुलीला आजोबांनी विचारले, “म्हणजे तुझी खुर्ची नाहीच का?” या प्रश्नात साऱ्या पिढीचे आश्चर्य होते. ज्या पिढीने बढती म्हणजे मोठे मेज, त्यावर काच आणि पाठीमागे टर्किश टॉवेल टाकलेली खुर्ची असे मानले, तिला हे समजणे कठीणच.

उघड्या दालनाची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील बफेलो येथे साबण व्यवसायातील लार्किन कंपनीसाठी फ्रँक लॉइड राइट यांनी १९०६ मध्ये पूर्ण केलेल्या इमारतीत मधोमध उजेडाचा मोठा चौक होता आणि तेथे कारकुनांची मेजे ओळीने मांडलेली असत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत भिंती काढून, कुंड्या ठेवून मोकळी ‘कार्यालय-भूदृश्ये’ रचण्यात आली. पुढे रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी माणसाला हालचालीचे स्वातंत्र्य मिळावे म्हणून जी सुटी फर्निचर-योजना आखली, तिचेच रूपांतर कंपन्यांनी दाटीवाटीच्या खुराड्यांत केले आणि त्याची खंत प्रॉप्स्ट यांना अखेरपर्यंत राहिली. सांगायचे एवढेच की भिंत काढली म्हणजे माणसे बोलू लागतात हा समज प्रत्येक पिढीत नव्याने जन्म घेतो. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटेच आढळले. दोन कंपन्यांनी भिंती काढल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. सर्वांसमोर बसलेला माणूस कानांत बोळे घालतो आणि शेजाऱ्यालाही पत्र लिहितो.

घरी बसण्याने प्रश्न सुटला असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या एकसष्ट हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील कामकाजाचा अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की आपल्या गटातले दळणवळण घट्ट झाले, पण गटागटांमधले धागे विरळ झाले. ज्याच्याशी काम पडते त्याच्याशी बोलणे होतेच. ज्याच्याशी काम पडलेले नाही, पण ज्याला नेमके ठाऊक आहे, तो हरवतो.

याच ठिकाणी जुन्या पेढीची आठवण येते. व्यापारी घराण्यांची पेढी म्हणजे एक खोली, तीत पांढरी चादर घातलेली गादी, लोड-तक्के, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलेले मुनीमजी. शेठ, भाऊ, मुनीम, उमेदवारीला आलेला पुतण्या, सारे एकाच गादीवर. शिकवणी अशी नसेच. सौदा कसा तुटतो, उधारीला नाही कसे म्हणतात, कोणाचा शब्द रोखीइतका आणि कोणाचा नाही, हे पोरगा वह्यांना दोरा ओवता ओवता ऐकत असे. पण त्या खोलीचा एक गुण सहसा नोंदला जात नाही. पेढीला ओटा असे. एखादा जुना गिऱ्हाईक मुदत मागायला आला आणि त्याची नजर खाली गेली, की शेठ पान लावण्याच्या निमित्ताने उठून त्याला ओट्यावर नेत. अब्रूची गोष्ट गादीवर होत नसे. बँकेत व्यवस्थापकाच्या खोलीला अर्धे दार असे तेही याचसाठी; बाहेरच्याला आतल्याचे पाय दिसावेत, चेहरा दिसू नये. आजच्या सामाईक मेजांच्या नकाशात सोफा असतो, ओटा नसतो.

कन्हानच्या बाजारात खाणींना आणि कारखान्यांना बेअरिंग, पट्टे, नट-बोल्ट पुरवणारी एक जैन पेढी आहे. त्या घरातला पुतण्या पुण्याची नोकरी घेऊन मार्च २०२० मध्ये माडीवर येऊन बसला, आणि दोन वर्षांनी कंपनीने परत बोलावले तेव्हा गेला नाही; खाली उतरून पेढीत बसला. वडिलांना आनंद झाला, काकांना थोडी धास्ती वाटली. दोघांच्याही भावना रास्त होत्या, कारण पहिल्याच महिन्यात त्याने पेढीच्या नूतनीकरणाचा नकाशा आणला. वडील व काकांना काचेच्या दोन केबिन, मध्ये सर्वांसाठी लांब मेज, आणि चाळीस वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या मुनीमजींना मागच्या बाजूस वातानुकूलित हिशेब-खोली. हेतू चांगला होता. मुनीमजींचे वय सत्तरीपार गेलेले, समोर रस्त्याची धूळ आणि ट्रकचे हॉर्न. मुनीमजी काही बोलले नाहीत. “बघा, सोयीनं करा,” एवढेच म्हणाले, आणि त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी घेऊन गेले. ही गोष्ट काकूंच्या लक्षात आली.

काकांनी विरोध केला नाही, वेळ मागितला. आठ दिवस इथे कोण कोणाला काय विचारतो ते लिही, मग सुताराला बोलाव, असे त्यांनी पुतण्याला सांगितले. संगणकावर काम केलेल्या मुलाला ही अट पटली. आठव्या दिवशी वहीत जे उतरले ते त्यालाही अपेक्षित नव्हते. बहुतेक प्रश्न कोणाला उद्देशून नव्हतेच. ते खोलीला विचारलेले होते. “त्या ठेकेदाराचं मागचं बिल आलं का?” “हा पट्टा कोणत्या पंपाचा?” “मागच्या पावसाळ्यात हा माल कितीला घेतला होता?” आणि निम्म्याहून अधिक वेळा उत्तर रोजमेळातून मान वर न काढता मुनीमजींकडून आलेले होते. यांपैकी एकही प्रश्न विचारायला कोणी उठून मागच्या खोलीत गेला नसता. उत्तर न मिळता काम पुढे गेले असते, आणि चूक तीन महिन्यांनी वसुलीत दिसली असती.

नकाशा बदलला. गादी गेली, कारण मुनीमजींचे गुडघेच आता मांडी घालू देत नव्हते. हे त्यांनी चाळीस वर्षांत प्रथमच उघड सांगितले. त्यांची खुर्ची काउंटरपासून तीन हातांवर, रस्त्याकडे पाठ करून आली आणि धुळीसाठी समोरच्या दाराला काच लागली. काचेच्या केबिन दोनऐवजी एकच झाली. ती कोणाच्याही नावाची नाही. वसुलीचे नाजूक बोलणे, दूरस्थ बैठक आणि घरातला वाद यांसाठी ती आहे, आणि तिच्या काचेला छातीच्या उंचीपर्यंत दुधी कागद चिकटवलेला आहे. मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवून बोलणाऱ्याने बाहेर ओट्यावर जायचे, हा नियम काकांनी केला आणि पहिल्यांदा तो काकांनीच मोडला.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राची मंजुरी मिळाली; त्यात ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंत तेरा किलोमीटरचा मार्ग आहे. तो झाला म्हणजे गावातली मुले रोज मिहानला जाऊन रात्री घरी येतील, अशी आशा अनेकांना आहे. रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वी होईल की नाही, हे मेट्रो ठरवणार नाही.

पेढीत यंदा हिशेबासाठी वाणिज्य शाखेची पदवीधर मुलगी कामास लागली. तिच्यासाठी मागची वातानुकूलित खोली तयारच होती. दोन दिवस तेथे बसून तिने आपला संगणक मुनीमजींच्या मेजाशेजारी आणून ठेवण्याची परवानगी मागितली. मुनीमजींनी आपले मेज हातभर सरकवून घेतले. विजेची जोडणी अद्याप बाकी आहे; तूर्त मागच्या खोलीतून एक लांब वायर आणली आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला अडखळतो.