विमा बदलताना

गाडीचा विमा या महिन्यात संपतोय आणि यंदा कंपनी बदलायची, हे नक्की केलंय. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये. कुठेही गेलं तरी तेवढेच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, कंपनीचा नव्हे. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर त्या हप्त्यातली ५० टक्के सूट नव्या कंपनीकडेही मिळते. मुदत संपून ९० दिवस उलटले की मात्र गेली.

सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये इंजिन प्रोटेक्शन नव्हतं. ते मी बाजूला ठेवलं. पंचगंगेकाठी राहून हे कसं चालेल? २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवली की सिलिंडरमध्ये पाणी शिरतं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकली की पोटात गोळा येतो तो यासाठीच.

आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, घटवून हप्ता कमी करणंही मला पटत नाही. गाडी पूर्ण गेली तर भरपाई त्याच आकड्यावर ठरते. उरलेली कोटेशनं उद्या सारख्या आयडीव्हीवर मागवून घेते.