बांधाकडच्या चार सऱ्या

आमच्या घरात रेशमाच्या अळ्या आल्या त्याला आता तीन वर्षे होतील. आमचे गाव जालना जिल्ह्यातले. पाऊस भरवशाचा नाही. दादांनी एक एकर कापूस मोडून तुती लावली, तेव्हा ‘हा गडी आता किडे पाळणार’ म्हणून गाव हसले. शेड बांधण्याइतका पैसा नव्हता, म्हणून मधली खोली रिकामी केली. कणगी, ट्रंका, देवांच्या तसबिरी सारे ओसरीवर आले. भिंतींना चुना दिला, उझी माशी शिरू नये म्हणून खिडकीला बारीक जाळी ठोकली आणि बांबूच्या तीन मजली मांडण्या उभ्या केल्या. आम्ही पाच माणसे ओसरीवर झोपू लागलो.

चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणतात. पन्नास अंडीपुंजांच्या म्हणजे सुमारे वीस हजार जीव! त्यांचे नियम बाळंतिणीच्या खोलीहून कडक. हातपाय धुऊन, चुन्याच्या भुकटीवर पाय ठेवूनच आत जायचे. अगरबत्ती नाही, धूर नाही आणि तंबाखू तर मुळीच नाही. तंबाखूचा हात पाल्याला लागला तरी अळ्या मरतात. आईने वीस वर्षे सांगून दादांची जी तंबाखू सुटली नाही, ती या किड्यांनी एका महिन्यात सोडवली.

रेशमाची अळी आयुष्यात चार वेळा कात टाकते. कात टाकताना ती खात नाही, डोके वर करून निश्चल राहते. तेव्हा पाला द्यायचा नाही, चुना भुरभुरून बिछाना कोरडा ठेवायचा. चौथी कात झाली, की तिची खरी भूक सुरू होते. जन्मभरात जेवढा पाला ती खाते, त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक या शेवटच्या सात-आठ दिवसांत. पहाटे, दुपारी, रात्री फांद्या तोडून आणायच्या नि अंथरायच्या. खाताना एवढा आवाज होतो, की पहिल्या वर्षी आजी मध्यरात्री उठून म्हणाली, “पाऊस आला का गं? सरपण भिजंल.” मी दार उघडून पाहिले, तर बाहेर चांदणे होते.

मला लिहायचे आहे ते मात्र गेल्या वर्षीच्या भाद्रपदातले.

चौथी कात होऊन तिसरा दिवस होता. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा होती आणि मी भाषण पाठ करीत अंगणात फिरत होते. आमच्या बांधाला लागून तात्यांचा कापूस आहे. संध्याकाळी शेतातून जाता जाता ते थांबून म्हणाले, “पोरी, आज कापसावर औषध मारलंय. वारं तुमच्याकडं व्हतं. बांधाकडच्या चार सऱ्या पंधरा-वीस दिवस तोडू नका. सांग दादाला.” मी ‘हो’ म्हटले आणि पुन्हा भाषणात डोके घातले. दादांना सांगायचे राहून गेले.

पहाटे पाला तोडायची पाळी माझी होती. साडेसहाची एस. टी. गाठायची होती. तुतीत शिरले, पहिल्याच सरीला विळा लावला, तेव्हा तात्यांचे शब्द आठवले. आठवले नाहीत असे म्हणता आले असते, तर हा लेख लिहायची गरजच नव्हती. पलीकडच्या सऱ्यांपर्यंत जायचे म्हणजे दोन खेपांना अर्धा तास. मनात म्हटले, एका वेळच्या पाल्याने काय होते! दोन भारे तोडले, खालच्या दोन मजल्यांवर अंथरले आणि धावत स्टँड गाठला.

स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. प्रमाणपत्र घेऊन दिवेलागणीला घरी आले, तर मधल्या खोलीत आवाजच नव्हता. आई कंदिलाएवढ्या बल्बखाली वाकून बसली होती. अळ्या माना वर करून इकडेतिकडे हलवीत होत्या, तोंडातून हिरवट पाणी गळत होते, बोटाएवढी अंगे आखडून निम्मी झाली होती. कित्येक मेल्या होत्या. रात्रभर आम्ही त्या वेचल्या. सकाळी दादांनी खड्डा खणून, चुना टाकून त्या पुरल्या. त्या पिकावर माझ्या फीचा नि आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा हिशोब होता.

दादा थेट तात्यांच्या वाड्यावर गेले. “फवारा मारायच्या आधी सांगता येत न्हाई व्हय?” म्हणून ओरडले. तात्यांनी सांगितले, की पोरीजवळ निरोप दिला होता. दादांना ते पटले नाही. “माझी पोर कॉलेजात शिकते, ती निरोप विसरंल?” असे ते चारचौघांत म्हणाले. हे वाक्य मला आजही झोपेत ऐकू येते.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी आईजवळ बसून सारे सांगितले. तिने हातातले काम थांबवले नाही. म्हणाली, “मला त्याच दिवशी दिसलं. बांधाकडची बुडखं ओली व्हती. म्हनलं, तू आपुन सांगशील.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आता दादाला सांग. मी सांगनार न्हाई.”

सांगितले. दादा मला रागावले नाहीत, ते एक अक्षर बोलले नाहीत. टोपी घातली आणि तात्यांकडे गेले.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात मी वाचले, की हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली वाढल्यामुळे रेशमाच्या अळीची पाला शोधत हिंडायची सवय मोडली आहे. तिच्या पतंगाला पंख असून उडता येत नाही. जे पुढ्यात पडेल ते ती खाते. वाचून पुस्तक मिटले. परीक्षेत एवढ्या माहितीला दोन गुण मिळतील. मला तिची किंमत ठाऊक होती.

वरच्या मजल्यावरच्या अळ्या वाचल्या. त्या पिकल्या, अंगे पिवळसर पारदर्शक झाली, तेव्हा त्यांना चंद्रिकेवर सोडले. दोन-तीन दिवस डोके डोलावीत त्यांनी स्वतःभोवती कोष विणले. एका कोषात हजार मीटरच्या आसपास अखंड धागा असतो. तो तुटू नये म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वी कोष वाफेने वा उष्ण हवेने मारतात. आजीने ते ऐकले आणि विचारले, “मंग सोवळं म्हनून नेसत्यात, ते ह्येच का?” तिला कुणी उत्तर दिले नाही.

2018 साली जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला, त्याआधी आमच्याकडचे लोक कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. दादांनी मला बरोबर नेले. एरवी तीस किलोच्या आसपास भरणारे पोते तेरा किलो भरले. पट्टी घेऊन दादांनी ती माझ्याच हातात दिली. “वाच,” म्हणाले. मी आकडा वाचला. आजीचे ऑपरेशन संक्रांतीनंतर झाले. फी दोन हप्त्यांत भरली.

या भाद्रपदात पुन्हा तात्यांचा फवारा झाला. घरी जाताना ते आमच्या अंगणाशी थांबले. दादा तिथेच बाजेवर बसले होते, तरी त्यांनी मलाच हाक मारली, “पोरी, औषध मारलंय बरं का. चार सऱ्या सोडा.” मी वही खाली ठेवली, दादांजवळ जाऊन निरोप शब्दाला शब्द सांगितला आणि जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या घेऊन बांधाकडे गेले. अंधार पडेपर्यंत चारही सऱ्यांच्या टोकांना एकेक चिंधी बांधली.