चांदाची पाच, चांदाची चौदा

मागच्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई औशाहून आमच्याकडे बेटेगावला आल्या. अब्बांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या इंतकालानंतर त्यांची इद्दत नुकतीच संपली होती. चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आमच्याकडे आल्यावरही त्यांना बाहेर पडावंसं वाटेना. सकाळी तसबीह घेऊन खिडकीशी बसायच्या, ते जोहरपर्यंत. खिडकीतून दिसतं काय, तर बोईसर-चिल्हार रस्ता आणि एमआयडीसीत जाणारे ट्रक. जेवायला बोलावलं की यायच्या, दोन घास खायच्या, पुन्हा खिडकीशी.

एकदा रात्री माझी मुलगी भूगोलाचा अभ्यास करत होती. नकाशात अरबी समुद्रावर तिने बोट ठेवलं, तेव्हा अम्मी सहज म्हणाल्या, "तुझे दादा तरुणपणी मुंबईला गेले होते, तेव्हा दर्या पाहून आले. मला म्हणायचे, एकदा तुला दाखवतो. पन्नास वर्षं म्हणाले."

एवढं बोलून त्या झोपायला गेल्या. मला मात्र झोप लागली नाही. आम्ही बेटेगावात राहायला आलो त्याला बारा वर्षं झाली. इथून समुद्र पंधरा-वीस किलोमीटरवर. आणि मी स्वतः तो किती वेळा पाहिला, तर दोनदा. एकदा कंपनीच्या सहलीत आणि एकदा पाहुणे आले तेव्हा गाडी ठरवून. आपल्या घरांत बाहेर पडायची कारणं ठरलेली असतात. लग्न, मय्यत, दवाखाना, फार तर एखादा उर्स. नुसतं पाहायला जाणं म्हणजे पैशाची उधळपट्टी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरं तर कुरआनात जमिनीवर फिरा आणि पाहा, असं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. ते आपण वाचतो आणि घरी बसतो.

माझे पती पाळीत काम करतात. सुट्टीच्या दिवशी ते झोपतात, आणि त्यांनी झोपावंच. रिक्षा ठरवून जायचं तर जाऊन-येऊन मोठा खर्च. तेव्हा शेजारच्या भाभी म्हणाल्या, "अगं, एसटी आहे ना. तुला अर्धं तिकीट, अम्मींना तेवढंही नाही."

ही गोष्ट मला माहीत होती, पण कधी वापरली नव्हती. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या बसमध्ये सगळ्या वयाच्या स्त्रियांना तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे. त्याच्या आधी, ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. अम्मींचं आधार कार्ड काढून पाहिलं. वय शहात्तर.

मी ठरवलं आणि घरात सांगितलं. पतींनी हो म्हटलं. पण दुसऱ्याच दिवशी औशाहून धाकट्या दिरांचा फोन आला. "भाभी, अम्मीला या वयात कुठे फिरवता? इद्दत संपून महिना नाही झाला. लोक काय म्हणतील?" अम्मींनी ते ऐकलं आणि लगेच म्हणाल्या, "राहू दे दुल्हन, नको."

मला राग आला, पण रागाने उत्तर दिलं तर अम्मींचं मन आणखी मागे हटलं असतं. आमच्या भागात एक आलिमा आपा मुलींना शिकवतात. मी अम्मींना त्यांच्याकडे घेऊन गेले. आपांनी शांतपणे सांगितलं की इद्दत पूर्ण झाल्यावर बाईवर बाहेर पडण्याचं बंधन राहत नाही. मेहरमशिवाय सफर करण्याचा जो मसला आहे तो लांबच्या सफरीचा. सकाळी जाऊन दुपारी परत येण्याचा नाही. अम्मींनी आणखी एक विचारलं, "मग नमाज कसर करायची की पूर्ण?" आपा हसल्या. "अम्मी, कसरसाठी अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. तुम्ही तर बोईसरच्या पलीकडे चाललात. पूर्णच पढा." परत येताना अम्मींनी विचारलं, "कोणत्या दिवशी जायचं म्हणालीस?"

रजबचा महिना होता. चांदाची पाच. मुलीला शाळेत पाठवलं आणि आम्ही दोघी निघालो. बेटेगावहून शेअर रिक्षाने बोईसर, तिथून चिंचणीची एसटी. कंडक्टर ताईंनी अम्मींचं आधार कार्ड पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात दिलं. अम्मींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि बटव्यात नीट घडी घालून ठेवलं. मला म्हणाल्या, "तुझ्या अब्बांनी आयुष्यभर एसटीचं तिकीट काढलं. ते असते तर त्यांनाही फुकट असतं."

बस कारखान्यांच्या मधून बाहेर पडली. एमआयडीसीचा तो वास मागे राहिला. मग परनाळी, कुरगाव, वाड्या, ताडाची झाडं. तारापूरजवळ आल्यावर मी त्यांना सांगितलं की इथलं अणुवीज केंद्र देशातलं पहिलं, १९६९ पासून वीज देतं. त्यांनी विचारलं, "आपल्या घरची बत्ती इथूनच येते का?" मी म्हटलं, इथली वीज महाराष्ट्रालाही जाते आणि गुजरातलाही, त्यातली आपल्या दिव्यात किती ते कोण सांगणार. शेजारच्या सीटवरचे एक आजोबा म्हणाले की याच केंद्राचं पुढचं काम निघालं तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. अम्मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. किल्लारीचा भूकंप झाला तो १९९३ चा. औसा तिथून लांब नाही. उठलेलं गाव म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

खाडीवरचा पूल ओलांडला की चिंचणी. उतरून सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. माझ्या छातीत धडधड होत होती, जणू मीच काही देणार होते. झाडं संपली आणि समोर आलं ते ओलं, करडं, सपाट मैदान. चिखल, मध्येच खडक, टेकलेली एक होडी. पाणी कुठे? लांब, एक चकाकती रेघ.

अम्मी उभ्या राहिल्या. घरात आम्ही दखनीच बोलतो. त्या म्हणाल्या, "येइच क्या दर्या? ये तो चला गया."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. पन्नास वर्षं ज्याने दाखवतो म्हटलं तो गेला होता, आणि मी दाखवायला आणलं तर दर्याही निघून गेलेला. मी चटई अंथरली. घरून आणलेल्या पोळ्या आणि चटणी काढली. अम्मींनी खाल्लं नाही.

जवळच एक मावशी शहाळी विकत होत्या. आमचे चेहरे त्यांनी पाहिले असावेत. "ओहोटी आहे आजी," त्या म्हणाल्या. "पाणी कुठे जातंय? साडेचार-पाचला इथपर्यंत येईल." आम्हाला तर एकच्या बसने परतायचं होतं, मुलगी शाळेतून यायची. मी विचारलं, तुम्हाला वेळ कशी कळते? त्या म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट करायची. आज सहावी-सातवी तिथी. त्याची पाऊणपट साडेचार-पाच. तेव्हा पुरी भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी."

अम्मी एकदम वळल्या. "तिथी म्हणजे चांदाचीच ना?"

"चांदाचीच. दर्या चांदाचंच ऐकतो."

वाचक भगिनींनो, शाळेत आपणही हे शिकलो होतो की भरती-ओहोटी चंद्राच्या ओढीने येते. मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण अम्मी कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना चांदाची तारीख मात्र कायम तोंडपाठ असते. पूर्वी त्या दर महिन्याचे तेरा, चौदा, पंधराचे रोजे ठेवायच्या. शुगरमुळे ते सुटले, मोजणी सुटली नाही. आणि इद्दतीचे चार महिने दहा दिवस तर त्यांनी चांदावरच मोजले होते. रोज रात्री एक तारीख. त्यांनी मावशींना तिथल्या तिथे विचारलं, "मग चौदा तारखेला?" मावशींनी बोटांवर मोजलं. "तुमची तारीख आमच्या तिथीपेक्षा दिवस-दोन दिवस मागे चालते. म्हणजे पौर्णिमेचा सुमार. बाराला या. मोठी भरती असते."

परतीच्या बसमध्ये अम्मींनी पोळी मागून खाल्ली. आठवडाभर त्या खिडकीशी बसल्या खऱ्या, पण आता ट्रकांकडे पाहत नव्हत्या. संध्याकाळी आभाळाकडे पाहून सांगायच्या, "आज आठ." "आज अकरा."

चौदाव्या दिवशी त्या फजरपासून तयार होत्या. त्याच रस्त्याने, त्याच चिंचणीला. या वेळी सुरूच्या झाडांतूनच आवाज ऐकू आला. बाहेर आलो तर ते सगळं मैदान गायब. पाणी थेट वाळूपर्यंत, लाटांवर लाटा, डोळे पुरणार नाहीत एवढं. अम्मींनी चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांचा हात धरून होते. त्या रडल्या. इद्दतीत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सगळे सब्र सब्र म्हणत होते आणि त्यांनी ते अक्षरशः पाळलं होतं. त्या दिवशी त्या मोकळेपणाने रडल्या, अब्बांसाठी दुआ केली, मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मोठा आहे गं. त्यांनी सांगितलं होतं त्याहून मोठा." जोहरची नमाज आम्ही झाडांखाली चटईवर पढलो. शहाळ्याच्या मावशींनी शहाळ्याचे पैसे घ्यायला नकार दिला. अम्मींनी ते त्यांच्या हातात कोंबलेच.

त्यानंतर दिरांचा फोन आला तेव्हा अम्मी स्वतः बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, पण पुन्हा फोन आला नाही.

रमजानच्या आधी आम्ही आणखी दोनदा गेलो. बोईसरहून पालघर, पालघरहून शिरगावमार्गे सातपाटी. तिथे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील पाहून अम्मी म्हणाल्या, आमच्याकडे कडब्याच्या पेंढ्या असतात तसं हे. बाजारात मासळीचा सगळा व्यवहार बायकांच्या हातात पाहून त्यांना मोठं कौतुक वाटलं. एकदा केळव्याला गेलो. जानेवारीअखेर एसटीचं भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरी अर्ध्या तिकिटात ते आमच्या घरखर्चात बसलं.

सातपाटीला मासळी विकणाऱ्या एका बाईंनी वाढवण बंदराचा विषय काढला. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी पालघरमध्ये झाली. वाढवण चिंचणीहून जवळच. त्या म्हणाल्या, "आमची मासळी जाईल." माझ्या पतींना वाटतं, आपल्या मुलांना काम मिळेल. दोघांची काळजी खरी आहे, आणि घरात बसून मला फक्त एकच बाजू कळली असती.

बहिणींनो, तुम्ही जाणार असाल तर अनुभवाने चार गोष्टी सांगते. आधार कार्ड मूळ जवळ ठेवा. परतीच्या बसची वेळ जातानाच विचारून घ्या. घरून निघताना वजू करून निघा, पाणी आणि चटई सोबत असू द्या. स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नका. एका स्थानकावर आम्हाला फार त्रास झाला, म्हाताऱ्या माणसाला तर तो असह्यच. आणि निघायच्या आधी चांदाची तारीख पाहा. पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे, तासाभराचा फरक पडतो. भरती चढत असेल तर मुलांना पाण्यात सोडू नका.

अम्मी आता औशाला आहेत. परवा फोन केला तर सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर म्हणाल्या, "आज तेरा आहे. तिकडे दुपारी पाणी वर आलं असेल, नाही?"

मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते. मी म्हटलं, "हो अम्मी, येत असेल."