मीठ खाडीचे, कुलूप सरकारचे

मिठावरचा कर म्हटला की चर्चा दांडी यात्रेपासून सुरू होते आणि मिठाच्या भावापाशी थांबते. करांच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला ती अपुरी वाटते. आज जिथे कामोठे, कळंबोली, उलवे उभी आहेत त्या पनवेल-उरणच्या खाडीकाठापुरते पाहिले, तर कराचा खरा जाच दरापेक्षा वसुलीच्या रीतीत होता असे माझे मत आहे. ती रीत इंग्रजांनी आधी आपल्याच घरात घोटली होती. अठराव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये मीठ, साबण, मेणबत्त्या, कातडे, माल्ट, एवढेच काय पण घराच्या खिडक्याही करातून सुटल्या नव्हत्या. साबणाच्या कढईवर एक्साइजचा अंमलदार कुलूप लावून जाई. माल तयार होतो तिथेच सरकारने ठाण मांडायचे, म्हणजे चोरवाट उरत नाही. १७३० मध्ये उठवलेला मीठकर पंतप्रधान वॉलपोलने दोनच वर्षांत परत आणला, तो जमीनकर खाली ठेवता यावा म्हणून. पार्लमेंटात जमीनदारच बसत होते, तेव्हा नवल कसले? ॲडम स्मिथने १७७६ मध्येच बजावले होते की मीठ-साबणासारख्या गरजेच्या वस्तूंवरचा कर शेवटी मजुरीवर येऊन पडतो. १८२५ मध्ये ब्रिटनने मीठकर रद्द केला.

आणि बाराच वर्षांनी, १८३७ च्या कायद्याने, मुंबई इलाख्यात मणाला आठ आणे कर बसला. १८४४ मध्ये तो रुपया झाला, त्यावरून सुरतेत दंगा उसळला. १८७८ मध्ये, दख्खन दुष्काळातून अजून सावरायची होती तेव्हा, तो अडीच रुपयांवर गेला. पुढच्याच वर्षी इंग्लंडातल्या लँकेशायरच्या जाड्याभरड्या कापडावरची आयातजकात मात्र उठली. घरी नको झालेला कर इथे चालला, कारण इथल्या मीठ खाणाऱ्याला मत नव्हते.

यावर हिशेबी आक्षेप असा की रक्कम क्षुल्लक होती. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. माणूस वर्षाला पाचेक किलो मीठ खातो असे धरले, तर अडीच रुपये दरानेही माणशी पाच-सहा आणेच पडतात. आकडा बरोबर आहे. पण जो पेजेबरोबर मिठाचा खडा चावतो त्याच्या ताटात मीठ हेच कालवण असते, आणि मासे खारवायला मीठ लागते ते वेगळेच. सरकारलाही हे कळत होते, म्हणून तर किनाऱ्यावर मासे खारवण्याच्या यार्डांत करमुक्त मीठ द्यावे लागले. तेही यार्डाच्या आवारात, अंमलदाराच्या नजरेखाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मिठावर आपल्या राज्यकर्त्यांनीही जकात घेतलीच की! घेतली. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला लावली. पण तिचा हेतू पाहा. पोर्तुगीज मुलखातले स्वस्त मीठ येऊन स्वराज्यातली मिठागरे बसू नयेत, हा. पेशवाईतली जकातही मुख्यतः नाक्यावर, हलणाऱ्या मालाची. इंग्रजी कायद्याने हात घातला तो मिठागरातच. भरतीचे पाणी बांधाआड घेऊन, वाफ्यावाफ्यांतून तापवत आगरी माणसाने मीठ पिकवायचे, मिठागर शिलोत्री, म्हणजे पिढीजाद हक्काचे, असले तरी त्याला परवाना हवा, आणि कर भरून पास मिळेपर्यंत रास जागची हलवायची नाही. खाजणात उन्हाने आपोआप धरलेले मीठ ओंजळभर उचलणे हासुद्धा गुन्हा.

दर आणि मनाई या दोन वेगळ्या गोष्टी होत्या याचा पुरावा १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात आहे. कर रद्द झाला नाही. मीठ जिथे होते तिथल्या गावकऱ्यांना घरापुरते आणि गावातल्या विक्रीपुरते मीठ गोळा करायची, बनवायची मुभा मिळाली. गावाबाहेर विकायचे नाही. त्याच वर्षी सरकारने दरावर अधिभार चढवला. म्हणजे खाडीकाठचा माणूस निदान घरच्या मिठापुरता सुटला, आणि घाटावरच्या गिऱ्हाइकाला तेच मीठ आणखी महाग झाले. कर पूर्ण उठायला १९४७ उजाडावे लागले.