बुरूड राजाचा कोट आणि पंडित भगवानलाल

नालासोपाऱ्याच्या स्तूपाला दर बुद्धपौर्णिमेला आमचे सारे घर जाते. आई शिदोरी बांधते, धाकटी मेणबत्त्या घेते. यंदा बाबाही आले. एरवी ते गुडघ्याचे कारण सांगून घरीच राहतात.

बाबांनी उभी हयात चर खणण्यात घालवली. आम्ही लहान असताना एका कामावर त्यांच्या कुदळीला मडके लागले होते. आत काळी पडलेली नाणी. मुकादमाने ठेकेदाराला हाक मारली, ठेकेदाराने मडके गाडीत घातले, आणि संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजला. ती नाणी कुणाची, कुठल्या काळची, ते गेलेच. बाबा आजही म्हणतात, "एक तरी नीट बघायला मिळायला पाहिजे होतं."

म्हणून स्तूपापाशी बसून आम्ही त्यांना पंडित भगवानलाल इंद्रजींची गोष्ट सांगितली.

हे गृहस्थ जुनागढचे, जन्म १८३९ चा. इंग्रजी शाळा त्यांनी पाहिली नाही. गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचा शिलालेख आहे, त्यावरची अक्षरे पोरवयातच मनात बसली. ब्राह्मी लिपी प्रिन्सेप साहेबाने १८३७ सालीच उलगडली होती. त्या अक्षरांचा तक्ता मिळवून हा पोरगा दगडापुढे बसला. पुढे मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना बोलावून घेतले. लेण्यालेण्यांतून, नेपाळपर्यंत, ते लेखांचे ठसे घेत फिरले. लिहायचे गुजरातीत, इंग्रजी दुसरे करून देत. १८७४ साली भाऊ दाजी गेले, तरी यांचे काम थांबले नाही.

नाण्यांचा तर त्यांना ध्यासच होता. पश्चिमेकडच्या क्षत्रप राजांच्या चिमुकल्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव असते, त्याच्या बापाचे नाव असते, आणि पुष्कळांवर सालही. (बापाचे नाव लावायची हौस राजांनाही होती!) तेवढ्यावरून कुणामागून कोण गादीवर आला, याची वंशावळ त्यांनी लावली. तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १८९० साली छापला गेला.

१८८२ साली ते सोपाऱ्याला आले. तेव्हा या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. पंडितजींनी ओळखले, हा कोट नव्हे, स्तूप आहे. मधोमध खणत गेल्यावर विटांच्या पोटात दगडी पेटी लागली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ लहान ब्राँझच्या मूर्ती, सात गतबुद्ध आणि आठवा मैत्रेय. करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते तथागताच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींनी मानले.

त्याच पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे. मूर्ती मात्र त्यानंतर कित्येक शतकांनी घडलेल्या. म्हणजे स्तूप मागाहून पुन्हा उघडून त्यात भर घातली गेली. नाणे कुठे सापडले याची नोंद झाली, म्हणून एवढे कळले. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडाही त्यांना मिळाला.

लायडनच्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १८८८ साली ते मुंबईत वारले. जमवलेली नाणी जाताना ब्रिटिश म्युझियमला देऊन गेले. ती इथेच राहायला हवी होती, असे आमच्या आईचे स्पष्ट मत आहे. करंडक मात्र मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

बाबा सारे ऐकत होते. मग म्हणाले, "पंडित झाले, पण खणायला माणसं कोण होती?"

आम्ही गप्प राहिलो. बाबा उठले, गुडघा धरत विटांपाशी गेले, एका कडेवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "ज्यानं मारली, कुदळ जपून मारलीय."