आवाजाला पुढचं पान माहीत नसावं

आमच्या घरातली धान्याची खोली आता माझा स्टुडिओ आहे. भिंतींना आजीच्या हातच्या सात गोधड्या टांगल्यात, दाराखालच्या फटीत जुनं धोतर कोंबलंय आणि जिथं ज्वारीच्या पोत्यांची थप्पी असायची तिथं एक टेबल, एक माइक आणि पाण्याचा तांब्या. कारखान्यांचे बॉयलर पेटले की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागं दोन-दोन ट्रेलर आणि वर कानठळ्या बसवणारी गाणी. त्यांच्यापुढं सात गोधड्या हात टेकतात. म्हणून हंगामात मी रात्री साडेअकरानंतर बसतो. अख्खी आळी झोपलेली असते आणि चाळिशी उलटलेला एक माणूस कडी लावून कुजबुजत असतो, ‘मागं वळू नकोस, तो अजून तिथंच आहे.’

हा माझा धंदा. मी ऑडिओबुकं वाचतो. त्यातही जास्त करून दहा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठीच्या साहसकथा.

‘त्यात काय, पुस्तक समोर आहे, आवाज बरा आहे, वाचायचं!’ असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. सुरुवातीच्या काळात एका कंपनीनं मला किल्ल्यावरच्या गुप्त भुयाराची एक गोष्ट दिली. पाच मुलं, एक नकाशा, मदतीला आलेला एक भला गृहस्थ आणि शेवटी तोच चोर निघतो. मी जीव तोडून वाचलं. पाच मुलांना पाच आवाज दिले. त्या गृहस्थाचा आवाज ‘जरा गावाकडचा’ करा, मजा येईल, असं तिकडून सांगण्यात आलं. मी केला. मी मूळचा भिगवणजवळचा; तो आवाज काढायला मला कष्ट पडले नाहीत.

पहिली प्रत भाचीला ऐकवली. ती तेव्हा सहावीत. पहिलं प्रकरण संपायच्या आत तिनं कानातलं काढून ठेवलं.

‘‘का गं?’’

‘‘चोर कळला की.’’

‘‘कसा?’’

‘‘आपल्यासारखं बोलणारा एकच माणूस आहे त्यात, मामा.’’

त्या रात्री मी रेकॉर्डिंगला बसलो नाही. एका वाक्यात पोरीनं माझ्या दोन चुका पदरात घातल्या होत्या. बोलीची चूक उघडच होती. ज्या पुण्यात व्यंकटेश माडगूळकरांनी आकाशवाणीवर वर्षानुवर्षं ग्रामीण कार्यक्रम सांभाळले, खेड्यातलं बोलणं खेड्यातल्या माणसाच्या तोंडी शोभेल तसं माइकवर आणलं, त्याच जिल्ह्यात बसून मी आमची बोली चोराच्या अंगावर चढवली होती. दुसरी चूक कारागिरीची होती. चोर कोण हे मला ठाऊक होतं आणि ते माझ्या आवाजालाही ठाऊक झालं होतं. लेखकानं दीडशे पानं मुठीत दाबून धरलेलं गुपित मी पहिल्या दहा मिनिटांत सांडून टाकलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: वाचणाऱ्याला पुढचं पान माहीत असावं, त्याच्या आवाजाला माहीत नसावं.

बोलायला हे सोपं आहे. रेकॉर्डिंगआधी मी पुस्तक किमान तीनदा वाचतो. पेन्सिलीनं खुणा करतो, नावांचे उच्चार पक्के करतो, कुठं कोण बोलतंय ते लिहून ठेवतो. म्हणजे मला सगळं पाठ. आणि माइकसमोर बसलं की ते सगळं विसरायचं. मन विसरत नाही, पण गळ्याला विसरायला शिकवता येतं.

एक वाक्य घेऊ. एखादा मुलगा रात्री वाड्यातून परत आपल्या खोलीकडं येतो आणि पुढं वाक्य असतं, ‘दार उघडं होतं.’ तीन शब्द. नवशिका वाचक तिथं आवाज कापरा करतो. झालं! ऐकणाऱ्याला हुकूम मिळाला की आता घाबर. मुलांना हुकूम कळतो आणि त्यांना तो आवडत नाही. दुसरा ‘उघडं’वर जोर देतो, तो तर बोट दाखवून मोकळा होतो. मी बरेच प्रयोग करून ज्यावर थांबलो ती पद्धत अगदी साधी आहे. ‘दार’ म्हणताना आवाज सरळ, रोज दिसणारं दार. ‘उघडं’ तसंच, वेग न बदलता. मग ‘होतं’ म्हणताना किंचित, अगदी तिळभर, वेग कमी होतो, कारण त्या मुलाला आत्ता आठवलंय की कडी त्यानं स्वतः घातली होती. पुढं एक-दीड सेकंद काहीच नाही. भीती त्या दीड सेकंदात असते आणि ती ऐकणाऱ्यानं स्वतः तयार केलेली असते, म्हणून ती त्याला गोड लागते.

वेगाचंही तसंच. संकट जवळ आलं की वाचणारा धावायला लागतो, कारण पुढं काय आहे हे माहीत असल्यानं त्याला तिथं पोचायची घाई असते. पण अंधाऱ्या भुयारात हातानं भिंत चाचपत जाणारा पोरगा धावत नाही. तो पाऊल टाकतो, थांबतो, कानोसा घेतो. माझा नेहमीचा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास. भुयारात तो शंभराच्या खाली येतो. पाठलाग असेल तर वाढतो, पण तिथंही दम लागला पाहिजे.

दमावरून संपादनाची गोष्ट आली. तासाभराचं तयार ऑडिओबुक म्हणजे माइकसमोरचे दोन-तीन तास आणि त्यानंतर कॉम्प्युटरपुढचे तितकेच. चुका कापायच्या, खुर्चीची करकर काढायची, तोंडात लाळेचे जे टिचटिच आवाज होतात ते पुसायचे. आंबट हिरवं सफरचंद खाल्लं की ते कमी होतात, हा वाचकांचा जगभरचा घरगुती उपाय आहे. मीही फोडी घेऊन बसतो. या सफाईसाठी सॉफ्टवेअर मिळतं. एक बटण दाबलं की श्वास गायब, टिचटिच गायब. सुरुवातीला मी फार खूश होतो. रेकॉर्डिंग काचेसारखं लख्ख. मग लक्षात आलं की झाडावर चढणारी माझी नायिका श्वासच घेत नाहीये.

ते बटण माझ्या मनातून कायमचं उतरलं ते फास्टर फेणेमुळं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर उडणारा. मराठी साहसकथेत त्याच्याएवढा लाडका पोरगा नाही. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मराठीत आणल्या आणि वर हा अस्सल देशी पठ्ठ्या दिला. त्याची खूण म्हणजे ‘ट्टॉक्’. काही सुचलं, जमलं की तो तोंडानं तो आवाज काढतो. छापील पानावर ती अक्षरं आहेत. ऐकताना ती अक्षरं वाचून दाखवली तर पचका होतो, जीभ टाळ्याला लावून खरोखर वाजवावं लागतं. भाचीसाठी मी घरच्या घरी एक गोष्ट रेकॉर्ड केली, पंधरा-वीसदा सराव करून खणखणीत ‘ट्टॉक्’ वाजवला, सवयीनं सफाईचं बटण दाबलं आणि फाइल तिला दिली. संध्याकाळी तिचा फोन, ‘‘मामा, फेणेचं ट्टॉक् कुठंय?’’ सॉफ्टवेअरनं ते तोंडातली घाण समजून पुसून टाकलं होतं! आता श्वास मी हातानं निवडतो, तांदूळ निवडतात तसे. खडा काढायचा, दाणा ठेवायचा.

मग पार्श्वसंगीत, पावलांचे आवाज, वीज, घुबड? मुलांना असला मसाला लागतो, असा मोठ्या माणसांचा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. उजनीच्या फुगवट्यात बुडालेल्या देवळाचा प्रसंग असलेली एक गोष्ट माझ्याकडं आली, तेव्हा मी मे महिन्यात पळसदेवला रेकॉर्डर घेऊन गेलो. धरणात जुनं गाव गेलं, पळसनाथाचं देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर वर येतं, फारच ओसरलं तर चिखल तुडवत देवळापर्यंत जाता येतं. त्या वर्षी नावाडी मला होडीतून घेऊन गेला. जवळ आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. मला वाटलं होतं, काहीतरी गूढ ऐकू येईल. ऐकू काय आलं? पाणी दगडाला लागून ‘चुळुक’ करत होतं, लांब कुठंतरी शेतीपंपाची मोटार चालू होती आणि नावाडी तंबाखू मळत होता. अर्धा तास रेकॉर्डिंग केलं. त्यातले वापरले किती? नऊ सेकंद. इंजिन थांबतं आणि चुळुक. बस. पुढचं देऊळ मुलांनी आपापलं बांधलं. एकानं मला सांगितलं की त्याला आत घंटा ऐकू आली. मी घंटा टाकलेलीच नव्हती.

आवाजाच्या गोष्टीचं हेच तर सुख आहे. सिनेमात देऊळ एकच असतं, सगळ्यांना तेच. कानानं ऐकलेलं देऊळ ज्याच्या-त्याच्या गावचं असतं. आमच्याकडच्या पोराला ‘माळरान’ म्हटलं की कडबनवाडीचा माळ दिसतो, लांडगा आणि चिंकारा दिसतो. पुण्यातल्या पोराला दुसरंच काही दिसत असेल. दोघंही बरोबर.

हे काही ॲपवाल्यांनी शोधलेलं नाही. अंधांसाठी ‘बोलकी पुस्तकं’ लंडनमध्ये 1935 सालीच तबकड्यांवर आली. आपल्याकडं आकाशवाणीनं श्रुतिकांवर दोन-तीन पिढ्या पोसल्या. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे पुस्तकात यायच्या आधी रेडिओवरच अवतरला होता. 2017 च्या शेवटी स्टोरीटेल भारतात आलं, मराठी ऑडिओबुकांचा बाजार उभा राहिला आणि माझ्यासारख्यांच्या धान्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या.

पण माझ्या धंद्यातला सगळ्यात जुना माणूस मी बारामतीतच शोधून ठेवलाय. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. या नाईकांच्या आश्रयाला अठराव्या शतकात पन्हाळ्याहून एक तरुण आला आणि पुराणिक म्हणून राहिला. पुराणिक म्हणजे पुराण वाचून, अर्थ लावून, मंडळींना ऐकवणारा. पगारी वाचकच की! तोच आपला मोरोपंत. 1794 मध्ये पंत इथंच वारले. शाळेत आम्हाला त्यांच्या आर्या घोकाव्या लागल्या तेव्हा फार राग यायचा. आता त्या मोठ्यानं म्हणून बघतो तेव्हा कळतं की त्या डोळ्यांसाठी नाहीतच. यमकं कानाला धरून पुढं नेतात.

मात्र पंतांच्या आठवणीनं माझा नियम बरेच दिवस अडचणीत आला होता. पुराण ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असायचा. अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही, हे वाड्यातल्या पोरासोरांनाही माहीत. तरी मंडळी बसायची, डोळे पुसायची. मग ‘पुढचं पान माहीत नसावं’ याला काय अर्थ उरला? माझी भाचीही तेच करत होती. एकच साहसकथा पाच-पाच, सहा-सहा वेळा ऐकायची. रहस्य फुटल्यावर रहस्यकथेत उरतं काय?

उत्तर एसटीत मिळालं. भाची आता दहावीत आहे. भिगवणहून बारामतीला क्लाससाठी येते. माझी प्रकरणं पंधरा-अठरा मिनिटांची असतात. प्रवासात दोन आरामात बसतात, तिसरं स्टँडवर उतरल्यावर अर्धवट तुटतं आणि मुलांना त्याचाच राग येतो. एकदा मी योगायोगानं त्याच गाडीत चढलो. ती पुढच्या सीटवर, शेजारी मैत्रीण, इअरफोनचं एक बोंडूक हिच्या कानात, एक तिच्या. गाडीत कंडक्टर, कोंबड्यांची पाटी, खिडक्यांचा खडखडाट. दोघींच्या मध्ये शेंगदाण्याचा पुडा. भाचीच्या खांद्यावरून मला मोबाइलचा पडदा दिसत होता. माझंच पुस्तक, वाड्याची गोष्ट, सातवं प्रकरण.

मी मनातल्या मनात मोजत गेलो. जिना. ओसरी. कंदील विझतो. आणि आता...

भाचीचा शेंगदाण्याकडं गेलेला हात मध्येच थांबला. जी गोष्ट तिला तोंडपाठ आहे, त्या गोष्टीत. दीड सेकंद.

मैत्रीण पहिल्यांदाच ऐकत होती. तिला राहवेना. तिनं भाचीला कोपरानं ढोसलं, ‘‘ए, कोण आहे गं आत?’’

‘‘थांब ना,’’ भाची म्हणाली, ‘‘त्याला तरी कुठं माहितेय अजून!’’